गायरान, कुरण आणि गोल्फचें मैदान
(शिरूर व दौंड तालुक्यांतील सामायिक भूमीच्या कागदांविषयीं)

जुन्या कागदपत्रांना वाहिलेल्या पृष्ठांवर गोल्फ या विलायती खेळाचें नांव पाहून वाचकांस नवल वाटेल, व कित्येकांस तें अस्थानींही वाटेल. आम्हांसही आरंभीं तसेंच वाटलें होतें. प्रसंग असा घडला कीं, आमचा एक जुना विद्यार्थी, जो नोकरीनिमित्त पुष्कळ वर्षें ब्रिटनमध्यें राहतो, तो गेल्या दिवाळींत शिरुरास आला असतां आम्हांस भेटावयास आला. बोलतां बोलतां त्यानें सांगितलें कीं, तो राहतो त्या गांवच्या नगरसंस्थेस आपलें सार्वजनिक गोल्फचें मैदान चालविणें खर्चामुळें अवघड झालें असून, तें विकलें जाऊं नये म्हणून गांवकऱ्यांनीं एक मंडळ स्थापून मैदान स्वतःच्या ताब्यांत घेण्याची खटपट चालविली आहे. "गुरुजी, आपल्याकडे असें कधीं झालें आहे काय?" असा त्याचा प्रश्न होता. आम्हीं हंसून उत्तर दिलें कीं, बाबा, हा खेळच आपल्याकडे साहेबलोकांचा व धनिकांचा. मैदान गांवाचें कधीं नव्हतेंच, मग गांव तें परत काय घेणार? तो गेल्यावर मात्र हें उत्तर आमचें आम्हांसच टोंचूं लागलें. पुढें कांहीं पुस्तकें व कायद्याचीं कलमें चाळून पाहिलीं, तेव्हां आपण घाईनें बोललों अशी खात्री झाली. गोल्फचें मैदान म्हणजे मुळांत गायरानच होय. आणि गायरान कोणाचें, हा वाद जसा स्कॉटलंडांत झाला तसाच तो शिरूर व दौंड या तालुक्यांतील गांवांनाही परका नाहीं. दोहोंकडे फरक पडला तो कागदानें. तो कसा, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम त्या खेळाचें मूळ स्थळ पाहूं. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज नांवाचें जुनें गांव आहे. तेथें प्राचीन विद्यापीठ आहे व पूर्वीं ख्रिस्ती धर्माध्यक्षाचें पीठ होतें. गांव आणि समुद्र यांच्यामध्यें वाळूच्या टेंकाडांची, आखूड गवताची, नांगरास निरुपयोगी अशी जी पट्टी असते तिला तिकडे लिंक्स म्हणतात. आपल्या भाषेंत तिला माळ म्हणावें, आणि वापर पाहतां गायरान म्हणावें. या माळावर गांवचे लोक गुरें-मेंढरें चारीत, गवतासकट मातीचीं ढेंपें काढून नेत, धुणीं वाळवीत, आणि काठीनें चेंडू मारीत हिंडत. खेळासाठीं मैदान केलेलें नव्हतें. मैदान होतें म्हणून खेळ झाला. इ. स. १५५२ मध्यें तेथील आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यास त्या माळावर ससे पाळावयाचे होते. त्याप्रसंगीं जो लेख झाला त्यांत ससे पाळण्याची मोकळीक धर्माध्यक्षास मिळाली, पण गोल्फ, फुटबॉल, निशाणबाजी व इतर सर्व खेळ खेळण्याचा गांवकऱ्यांचा हक्क त्यानें स्पष्ट शब्दांत मान्य केला. आमच्या समजुतीप्रमाणें हा लेख म्हणजे आपल्याकडील कौलनाम्याच्याच जातीचा आहे: एका अंगानें सवलत मागणें, व दुसऱ्या अंगानें रयतेची पूर्वापार वहिवाट कबूल करणें.

या लेखाची किंमत पुढें अडीचशें वर्षांनीं कळली. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील नगरसभा कर्जांत बुडाली व १७९७ सालीं तिनें तो माळच विकून टाकला. दोन वर्षांत तो डेम्प्स्टर नांवाच्या व्यापाऱ्यांकडे गेला. त्यांना खेळाशीं कर्तव्य नव्हतें. त्यांस सशांचें मांस व कातडीं विकावयाचीं होतीं. ससे माजले, त्यांनीं जागोजाग बिळें केलीं, आणि खेळणारे व ससेवाले यांच्यांत जी जुंपली ती कोर्टांत गेली. विक्रीच्या लेखांतही गोल्फ खेळणारांचा हक्क राखून ठेवावा लागला होता, म्हणूनच गांवकऱ्यांस तोंड उघडतां आलें. वाद १८१३ सालीं थेट लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोंचला, तरी त्याचा पुरता निकाल असा लागलाच नाहीं. १८२१ सालीं शेजारचा जमीनदार जेम्स चीप यानें माळ विकत घेतला. तो स्वतः खेळाचा शोकी असल्यामुळें ससे गेले व खेळ राहिला. परंतु एका जमीनदाराच्या आवडीवर गांवाचा हक्क किती दिवस टांगून ठेवावयाचा? १८९४ सालीं पार्लमेंटनें खास कायदा करून तो माळ नगरसभेस घेऊं दिला, म्हणजे गांवानें विकलेली वस्तु सुमारें शंभर वर्षांनीं गांवाच्या हातीं परत आली. पुढें नगरसभांचीच रचना पालटली तेव्हां, १९७४ सालीं, दुसऱ्या कायद्यानें एक विश्वस्तमंडळ निर्माण करून त्याकडे कारभार सोंपविण्यांत आला. आज जगभरचे धनिक तेथें खेळावयास जातात. तथापि रविवारीं तेथील सर्वांत जुनें मैदान एरवीं खेळास बंद असतें व गांवचे लोक मुलेंबाळें व कुत्रीं घेऊन त्यावर फिरावयास जातात. हा रविवार आम्हांस त्या सबंध हकीकतींतील सर्वांत बोलका पुरावा वाटतो. बखरींत ज्यास भोगवटा म्हणतात तो हाच.

आमच्या विद्यार्थ्याच्या गांवीं जें चाललें आहे त्यास आतां तिकडील कायद्याचाही आधार आहे. स्कॉटलंडांत २००३ च्या कायद्यानें एखाद्या वस्तीस आपल्या भोंवतालची जमीन विक्रीस निघाल्यास ती प्रथम घेण्याचा हक्क मिळाला, व २०१५ च्या कायद्यानें सरकारी वा नगरसंस्थेची मिळकत मागण्याचीही सोय झाली. इंग्लंडांत २०११ च्या कायद्यानें एखादी जागा लोकोपयोगी म्हणून नोंदवून ठेवतां येते, व ती विक्रीस निघाल्यास पैसा उभारण्यास लोकांस सहा महिन्यांची मुदत मिळूं शकते. मात्र त्यासाठीं अगोदर नोंद झालेली असावी लागते. पुनः कागदच.

महाराष्ट्रांत गोल्फ आला तो छावण्यांबरोबर. मुंबईचा रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब १८४२ चा. खेळाचें मैदान लोकांच्या हातीं आल्याचें जें उदाहरण आपणांस घरचें म्हणून सांगतां येईल तें नाशिकचें. त्र्यंबक रस्त्यावरील ज्या विस्तीर्ण मैदानास नाशिककर अजूनही गोल्फ क्लब म्हणतात तेथें इंग्रजी अमलांत साहेबलोक गोल्फ खेळत; आज तें महानगरपालिकेकडील सार्वजनिक मैदान असून तेथें सकाळीं लोक फिरतात, मुलें खेळतात व रणजी करंडकाचे सामनेही झाले आहेत. त्यास हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असें नांव आहे. कान्हेरे यांनीं २१ डिसेंबर १९०९ रोजीं ज्या कलेक्टर जॅक्सनचा वध केला, तो संस्कृतज्ञ असून भगवानलाल इंद्रजी यांचा गुजराथचा इतिहास त्यानेंच पुरा केला होता, ही गोष्ट या पृष्ठांच्या वाचकांस ठाऊक असेलच. साहेबांच्या खेळाचें मैदान साहेबास मारणाराच्या नांवें व्हावें, आणि लोकांच्या जिभेवर मात्र खेळाचेंच नांव राहावें, हा नामांतराचा मोठा मौजेचा नमुना आहे. दुसरें उदाहरण मुंबईच्या महालक्ष्मी येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाचें. तें १९१४ पासून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानें दिलेलें होतें. मुदत २०१३ सालीं संपली, आणि बराच वाद होऊन २०२४ सालीं २११ एकरांपैकीं १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठीं महानगरपालिकेकडे आले. तेथेंही निर्णय झाला तो पट्ट्याच्या तारखेवर. पट्टा नसता तर तारीखही नसती.

आतां आपल्या तालुक्यांकडे वळूं. गांवाभोंवतीं चराऊ जमीन राखून ठेवावी हा नियम आपल्याकडे मनुयाज्ञवल्क्यांइतका जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत गांवाच्या चारी बाजूंस शंभर धनुष्यें, म्हणजे चारशें हात, रुंदीचा परीहार सोडावा असें सांगितलें आहे; नगरास त्याच्या तिप्पट. याज्ञवल्क्यानें गांवास शंभर, खर्वटास दोनशें व नगरास चारशें धनुष्यें असें प्रमाण दिलें आहे. परीहारांत कोणी कुंपण न घालतां पीक केलें व गुरांनीं तें खाल्लें तर गुराख्यास दंड नाहीं, असेंही मनु म्हणतो. म्हणजे परीहार ही केवळ पडीक जमीन नव्हे. तिच्यांत गुरांचा हक्क पिकाहून वरचढ आहे. शंभर धनुष्यांस पर्याय म्हणून मनूनें तीन शम्यापात सांगितले आहेत. शम्या म्हणजे जुवाची खुंटी, जिला आपले शेतकरी शिवळ म्हणतात. ती तीनदां फेंकावी व पडेल तेथपर्यंत गायरान धरावें. काठी फेंकून गायरान मोजणारा आपला गुराखी व गायरानांत काठीनें चेंडू मारणारा स्कॉटलंडचा मेंढपाळ यांत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं. अर्थात् हा केवळ विनोद समजावा, यावरून कोणी गोल्फ खेळाचें मूळ स्मृतींत शोधूं नये. अशा शोधांची आपल्याकडे कमतरता नाहीं.

मराठेशाहींत चराऊ जमिनीचे दोन प्रकार स्पष्ट दिसतात व संग्राहकांनीं ते एकमेकांत मिसळूं नयेत. गायरान तें गांवाचें: तेथें गांवचीं गुरें फुकट चरावयाचीं. कुरण तें सरकारचें: तेथील गवत पागेच्या घोड्यांसाठीं राखलेलें, त्यावर राखणदार, आणि कापणीस आसपासच्या गांवांची वेठ. भीमा व घोड या नद्यांच्या मधला व भीमेच्या दक्षिण तीराचा हा मुलूख पावसानें कंजूष, परंतु गवतास चांगला. म्हणूनच भीमथडीच्या तट्टांची कीर्ति झाली, आणि म्हणूनच शिरूर तालुक्यांतील आलेगांवास पागा हें उपपद लागून राहिलें आहे. दौंडकडील मेंढपाळ धनगरांचे कळप याच माळांवरून ये-जा करीत आले. त्यांचा वहिवाटीचा हक्क कोणत्या सदरांत लिहिला जात असे, याचा स्वतंत्र शोध व्हावयास पाहिजे. गांवच्या लेखांत तो सहसा सांपडत नाहीं, कारण ते कोणत्याच एका गांवचे नव्हते.

गायरानाविषयीं दोन गांवांत तंटा पडला म्हणजे गोत बसे व महजर होई. महजराच्या शेवटीं ज्या निशाण्या असतात त्या वाचकांच्या परिचयाच्याच आहेत: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, इत्यादि. परंतु शिवेच्या वादांत सर्वांत वजनदार साक्ष महाराची मानीत. त्यानें दिव्य करून शीव चालावी व तो चालेल ती शीव खरी. मनुस्मृतींतही शिवेचे साक्षी डोक्यावर माती घेऊन, तांबडीं वस्त्रें व माळा धारण करून शीव दाखवितात असें वर्णन आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या गांवगाड्यांत गांवच्या वतनदारांचीं व बलुतेदारांचीं कामें तपशिलानें आलीं आहेत, तीं या दृष्टीनें पुनः वाचण्यासारखीं आहेत. येथें एक गोष्ट मनांत खुपते. जो गांवची शीव आपल्या डोक्यावर वाहून दाखवीत असे, त्याचीच जमीन त्या शिवेच्या आंत सर्वांत थोडी असे. या गोष्टीकडे पुढें पुनः यावयाचें आहे.

इंग्रजी अमलाचा आरंभ या भागांत शिरुरापासूनच समजण्यास हरकत नाहीं. पेशव्यांच्या राज्यांत ठेवलेल्या इंग्रजी फौजेची छावणी घोडनदीच्या कांठीं शिरुरास होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टाँटन कोरेगांवाकडे निघाला तो येथूनच. छावणी आली म्हणजे कवायतीचें मैदान, घोड्यांची चराई, साहेबांचे खेळ व साहेबांचीं थडगीं हें सर्व ओघानें येतें. येथें १८०९ सालीं मृत्यु पावलेल्या कर्नल वॉलेसचें थडगें आहे. हा गृहस्थ असईच्या लढाईंत लढलेला. त्याच्या मृत्यूनंतर शिरूर व आसपासच्या गांवचे लोक त्यास सत्पुरुष मानूं लागले व सुगींत नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यास दाखवूं लागले. १८८५ च्या पुणें गॅझेटियरांत याची नोंद आहे. सरकारी फौजेच्या जागेंतील एक थडगें लोकांनीं खत नाहीं, पट्टा नाहीं, केवळ नैवेद्याच्या बळावर आपलें करून घेतलें. लोक जागा ताब्यांत घेतात तेव्हां ते प्रथम काय करतात, याचें याहून बोलकें उदाहरण आमच्या तालुक्यांत दुसरें नाहीं. परंतु नैवेद्यानें देव मिळतो. जमीन मिळत नाहीं.

जमिनीचें काय झालें तें आतां पाहावें. १८३५ नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनीं शेजारच्या इंदापूर तालुक्यापासून पाहणी सुरू केली व तीच पद्धति पुढें या तालुक्यांस लागली. प्रत्येक तुकड्यास नंबर मिळाला. शेतकऱ्याच्या नंबरापुढें शेतकऱ्याचें नांव लागलें. गायरानाच्या नंबरापुढें कोणाचें लावावयाचें? गांव म्हणून कोणी एक असामी नव्हता. जें गोत पूर्वीं गांवाच्या वतीनें निशाण्या करीत असे त्यास नव्या राज्यांत कायदेशीर अस्तित्व उरलें नव्हतें. अखेर १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या ३७ व्या कलमानें, जें दुसऱ्या कोणाचें म्हणून सिद्ध होत नाहीं तें सर्व सरकारचें, असें ठरलें. ३८ व्या कलमानें त्यांतील कांहीं जमीन गांवच्या गुरांसाठीं राखून ठेवण्याचा अधिकार कलेक्टरास मिळाला. आणि ३९ व्या कलमानें अशा चराईचा हक्क गांवच्या गुरांपुरता ठेवण्यांत आला. वाचकांनीं हा फेर नीट ध्यानांत घ्यावा. गुरें त्याच माळावर, त्याच वाटेनें, त्याच गुराख्यामागें जात राहिलीं. परंतु कालपर्यंत तीं स्वतःच्या जमिनींत चरत होतीं व आज सरकारच्या जमिनींत सरकारच्या परवानगीनें चरूं लागलीं. ही गोष्ट गांवांस कळली सुद्धां नाहीं. सेंट अँड्र्यूजच्या माळाची विक्री तरी उघड झाली होती. येथें विक्री नाहीं, जप्ती नाहीं, केवळ एका सदरांतील रिकामी जागा भरली गेली. म्हणून आम्हांस हें १८७९ चें ३७ वें कलम १८१८ च्या राज्यांतराहूनही गांवाच्या दृष्टीनें मोठें वाटतें.

स्वराज्यांतही हें मूळ तत्त्व तसेंच राहिलें. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमांत २० वें कलम जुन्या ३७ व्याच्या जागीं आहे व २२ वें ३८ व्याच्या. मात्र १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ५१ व्या कलमानें शासनास गायरान ग्रामपंचायतीकडे निहित करतां येतें. म्हणजे गांवास आपली जमीन परत मागण्याचें एक दार आहे; पण तें आंतून उघडतें, बाहेरून नव्हे. सर्वोच्च न्यायालयानें २८ जानेवारी २०११ रोजीं पंजाबांतील जगपालसिंग यांच्या खटल्यांत गांवच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणें काढण्यास सर्व राज्यांस सांगितलें, व त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनानें १२ जुलै २०११ रोजीं निर्णय काढला. २०२२ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन या विषयाची दखल घेतली, तेव्हां राज्यभर गायरानांवर २ लक्षांहून अधिक बेकायदा बांधकामें असल्याचें समोर आलें.

येथें एकच बाजू सांगणें अन्यायाचें होईल. गायरानावर जे बसले आहेत ते सर्व धनदांडगे नाहींत. शीव वाहून दाखविणाऱ्यांचे वंशज त्यांत पुष्कळ आहेत. भूमिहीनांस पडीक जमिनी मिळाव्या म्हणून दादासाहेब गायकवाड यांनीं १९५९ सालीं व पुनः १९६४ च्या डिसेंबरपासून सत्याग्रह केले, आणि पुढें शासनानें १४ एप्रिल १९९० पूर्वीं गायरानें कसणाऱ्या भूमिहीनांचीं अतिक्रमणें नियमित करण्याचें धोरण स्वीकारलें. तेव्हां गांवानें गायरान परत घ्यावें असें आपण म्हणतों त्या वेळीं गांव म्हणजे कोण, हें अगोदर सांगावें लागतें. सेंट अँड्र्यूजच्या लेखांत नगरवासी हा एक शब्द पुरला. आपल्या महजरांत तो पुरत नाहीं, कारण तेथें प्रत्येक निशाणी वेगळी आहे; आणि आमच्या मतें हा महजराचा दोष नसून गुण आहे. कोण हजर होतें व कोण नव्हतें तें त्यावरून दिसतें.

कुरकुंभ व रांजणगांव येथें कारखान्यांच्या वसाहती झाल्यापासून, आणि कालव्याच्या पाण्यानें दौंडकडे ऊंस वाढल्यापासून, या भागांतील माळाकडे पाहण्याची सर्वांचीच दृष्टि पालटली आहे. ज्या जमिनीस पूर्वीं कोणी विचारीत नव्हतें तिची आज मोजणी मागतात. आम्हीं स्वतः अनुभवलेला एक प्रसंग येथें सांगतों. गांवाचें नांव मुद्दाम देत नाहीं. त्या गांवीं आम्ही नऊ वर्षें शिक्षक होतों. शाळेस मैदान नव्हतें. मुलें गायरानांत हुतुतू व आट्यापाट्या खेळत, आणि ओढ्याच्या कांठच्या तीन लिंबांपासून बिरोबाच्या दगडापर्यंत सबंध माळ गांवचाच असें लहानथोर सर्व समजत. पुढें, आम्ही निवृत्त झाल्यावर, त्यांतील एक मोठा भाग दुसऱ्या कामासाठीं मागण्यांत आल्याची बातमी आली. गांवचीं दहा-पांच माणसें कचेरींत गेलीं व पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट सांगूं लागलीं. तेथील अधिकाऱ्यानें सभ्यपणें विचारलें, कागद काय आहे? मग त्यांस आमची आठवण झाली, कारण गांवच्या कुळकर्ण्यांच्या वाड्यांतील दप्तर आम्हीं एकदां पाहिलें होतें.

पाहिलें होतें हें खरें. सुमारें तीस वर्षांपूर्वीं, मे महिन्याच्या सुटींत, त्या वाड्यांतील माडीवर आम्हीं चार दिवस बसलों होतों. दोन रुमाल होते. एकांत एका स्तोत्राची पोथी व एका सरदाराच्या शिक्क्याचें पत्र निघालें. त्यांच्या आम्हीं मोठ्या हौसेनें नकला केल्या. दुसऱ्यांत मोडींतले लांबट बंद होते. वरचे दोन-तीन उलगडले तों शीव, लिंब, ओढा, गुरांची वाट असले शब्द दिसले. संस्कृत शिकलेल्या आमच्या मनास त्यांत कांहीं राम वाटला नाहीं. आम्हीं तो रुमाल होता तसा बांधून ठेवला व घरधन्यास सांगितलें कीं, यांत विशेष कांहीं नाहीं. त्यानें आमच्या शब्दावर विश्वास ठेवला. गांवचे लोक आमच्याकडे आले तेव्हां तो रुमाल रद्दींत जाऊन दोन वर्षें झालीं होतीं. त्यांत त्याच गायरानाचा महजर होता असें आम्ही म्हणत नाहीं. तो नव्हता असेंही आतां कोणास म्हणतां येणार नाहीं.

हें लिहितांना संकोच वाटतो. तथापि आमच्यासारखी चूक करणारे आम्ही एकटेच नाहीं, हें संग्रहांच्या याद्या पाहिल्या म्हणजे कळतें. थोरांच्या पत्रास आपण पेटी देतों, पोथीस रेशमी बासन देतों, आणि गांवकीचा कागद वजनानें जातो. वस्तुतः आजच्या घडीस कोणाचें तरी कांहीं अडलें आहे असा कागद बहुधा तोच असतो.

या भागांतील अशा कागदांचा शोध करणारांस कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. पहिली नांवाविषयीं. जुन्या लेखांत शिरूर व दौंड हे तालुके शोधूं नयेत. पाबळ, कर्डें, पाटस, सुपें या नांवांखालीं पाहावें. दौंड तालुक्याचा बराच भाग तर इंग्रजींतही पुष्कळ काळ भीमथडींत मोडत असे. दुसरी गोष्ट, खासगी दप्तर हातीं लागलें नाहीं तर पुण्याच्या पुराभिलेखागारांत पेशवे दप्तरांतील गांवचे कागद व इनाम कमिशनच्या कामीं जमा झालेलीं कागदपत्रें पाहावीं. वतनाच्या कैफियतींत शिवेचा उल्लेख ओघानें येतो व सदरावरून तो कळत नाहीं. तलाठ्याकडील जुनें फेरफार व अतिक्रमणांची नोंदवही हींही एकत्र वाचावीं, म्हणजे कोणता तुकडा केव्हां व कोणत्या हुकमानें गायरानांतून निघाला त्याचा माग लागतो. विदर्भांतील गांवांस निस्तारपत्रक असतें व चराई, लांकूडफांटा इत्यादिकांविषयींचे गांवाचे हक्क त्यांत लिहिलेले असतात. देशावर तशी सोय नसल्यामुळें येथें हें काम जुन्या कागदांवरच पडतें.

नक्कल करतांना शिवेच्या खुणा अक्षरशः उतराव्या. लिंब, बाभूळ, दगड, बांध, ओढ्याचें वळण, यांतील एकही कंटाळून गाळूं नये. कागदांतील तीन लिंबांपैकीं आज एक उभा असला तरी मोजणीस आधार होतो. निशाण्या सर्व काढाव्या, व ज्या बलुतेदाराची निशाणी अपेक्षित असून नाहीं त्याचीही टीप द्यावी. मूळ कागद मालकाकडेच राहूं द्यावा व नकलेची एक प्रत ग्रामपंचायतींत द्यावी. ती तेथें हरवण्याचा संभव आहे हें आम्हांस मान्य आहे. म्हणून दुसरी मंडळाच्या संग्रहांत असावी.

आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं आपलें पहिलें उत्तर मागें घेतल्याचें कळविलें आहे. त्याचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. त्याच्या गांवचें मैदान शें-सव्वाशें वर्षांपूर्वीं कोणा दात्यानें लोकांच्या करमणुकीसाठीं म्हणून नगरसंस्थेस दिलें असावें अशी तेथें समजूत आहे, व तें दानपत्र नगरसंस्थेच्या जुन्या पेट्यांत शोधण्याचें काम सध्यां चालूं आहे. पेट्या पुष्कळ असून वाचणारे तिघेच आहेत, असें तो लिहितो.